काच असली की मोटर बंद

छातीत स्प्रिंग घालून काचवाला घरी आला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला जवळजवळ सगळ्याची मोकळीक दिली होती. चालायचं, जिने चढायचे, सपाटीवर सायकलसुद्धा चालवायची. मनाई एकाच गोष्टीला होती: भरलेली सायकल ढकलत चढावर न्यायची नाही. आणि काचवाल्याचं निम्म्याहून अधिक काम त्या चढाच्या माथ्यावर होतं.

दुकान चढाच्या पायथ्याशी. दर्शनी भागात भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, मधोमध जाड लोकरी नमदा अंथरलेलं कापायचं टेबल, मागच्या खोलीत बायकोचं फोटोच्या फ्रेमा बनवण्याचं काम. दारात तीनचाकी मालवाहू सायकल. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या चाकांवर घराच्या छपरासारखा दोन्हीकडे उतरता लाकडी रॅक. त्याच्या दोन्ही अंगांना काचा कलत्या उभ्या राहायच्या, खाली रबराची पट्टी, मध्ये नमदा, वरून पट्टे. चढ आला की काचवाला उतरायचा, एक हात हँडलवर ठेवायचा, खांदा रॅकला लावायचा आणि ढकलत वर न्यायचा. इतकी वर्षं हेच चालल्यामुळे त्यात काही कष्ट आहेत हे त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"आता वरची कामं टेम्पोनं जातील," बायको म्हणाली. टेम्पोवाला तिच्या मावसबहिणीचा नवरा. तिनं त्याच्याशी बोलूनही ठेवलं होतं. "तुम्ही दुकानात बसा. मापं घ्या, कापा."

"आणि काच नेणार कोण? आमचे साडू?"

"हो. बसवायला एखादा माणूस ठेवू."

"साडूंना मी ओळखतो. त्यांच्या टेम्पोत कपाट चढतं आणि फळ्या उतरतात."

"तुमच्या जिवापेक्षा फळ्या परवडल्या."

काचवाल्याला दुकानात बसायचं नव्हतं. कोणाच्या खिडकीची चौकट किती वाकली आहे, कोणत्या घरात काच उलट्या हातानं बसवावी लागते, हे त्याला घरोघर जाऊन ठाऊक झालेलं. गिऱ्हाईक त्याला दारात बघून ओळखायचं, गल्ल्यामागे नाही. दुकानात बसून राहायचं म्हणजे आजच फ्रेममध्ये जाऊन बसायचं, असं तो म्हणाला. बायको तेव्हा फ्रेमच जोडत होती. खिळा ठोकता ठोकता ती म्हणाली, "माप आहे माझ्याकडे. काळजी करू नका."

तोडगा लेकीनं आणला. लेक लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होती. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, खिशात टेस्टर आणि बोलण्यात कायम लिफ्ट. सुट्टीच्या दिवशी ती एक मोठं खोकं रिक्षातून घेऊन आली. खोक्यात मोटर बसवलेलं पुढचं चाक होतं, बॅटरी होती, एक चपटा डबा, एक छोटा पडदा आणि वायरींचा भारा.

"आत स्प्रिंग बसवली, आता बाहेर मोटर," काचवाला म्हणाला. "माझं मूळचं काय उरलं?"

"तोंड," आतून बायकोचा आवाज आला. "त्याला अजून कोणी हात लावलेला नाही."

काम दिवसभर चाललं. मोटरचा आस पुढच्या चाकाच्या जुन्या चिमट्यात बसेना, म्हणून लेकीनं खाचा कानशीनं घासून रुंद केल्या. मग आसाच्या टोकाला एक जाड पोलादी पट्टी अडकवून ती चिमट्याला आवळली. "ही नसेल तर मोटर चाकाऐवजी स्वतःच फिरायला बघेल आणि चिमटा फाडून बाहेर येईल," ती म्हणाली. बॅटरी तिनं मुद्दाम पुढे, चाकाच्या वर, पत्र्याच्या पेटीत ठेवली. मागे वजन आणि समोर चढ असला की पुढचं चाक हलकं होतं; बॅटरीच्या भारानं ते जमीन धरून राहील, असा तिचा हिशेब. पेडलजवळ एक चकती बसवली, पेडल फिरलं की मोटरला कळावं म्हणून. उजव्या मुठीजवळ अंगठ्याचं बटण. जुन्या ब्रेकच्या दांड्या काढून खोक्यातल्या नव्या लावल्या. त्यांच्यातूनही वायर निघत होती. ब्रेक धरला की मोटर आपोआप बंद व्हायला हवी.

काचवाला पाने हातात देत होता आणि प्रत्येक गोष्टीवर शंका काढत होता. लेकीनं शेवटी त्याच्या हातात चहाचा कप देऊन त्याला पायरीवर बसवलं.

संध्याकाळी रिकामी सायकल घेऊन तो चढाकडे निघाला. पेडलवर पाय टाकला तसं कोणी तरी पाठीमागून हलकेच पुढे सारावं, तशी सायकल निघाली. अर्ध्या चढात त्यानं मागे वळून बघितलं, खरंच कोणी ढकलत नाही ना म्हणून. माथ्यावरून उतरताना तो शीळ घालत होता. बायकोनं ती ऐकली आणि न ऐकल्यासारखं केलं.

"रिकामी सायकल काय, कोणीही चढवेल," ती म्हणाली. "बुधवारी प्रसूतिगृहाच्या काचा न्यायच्यात. तोवर काच घेऊन, न उतरता वर जाऊन दाखवा. एकदा जरी खांदा लावताना दिसलात, तर टेम्पो. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"कबूल," काचवाला म्हणाला. लेकीनं साक्षीदार म्हणून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एका घराची काच रॅकवर चढवली, पट्टे आवळले आणि निघाला. मोटर चालू झाली नाही. पेडल मारलं, नाही. अंगठ्यानं बटण दाबलं, नाही. पडदा उजळलेला होता, बॅटरी भरलेली दिसत होती आणि सायकल पूर्वीसारखीच जड. सपाटी पायांनी कापून तो चढाच्या तोंडाशी आला. इकडे तिकडे बघितलं आणि उतरून खांदा लावला.

हार्डवेअरवाल्यानं नेमकं बघितलं. त्याचं दुकान चढाच्या पहिल्याच वळणावर होतं आणि त्याचं अर्धं लक्ष कायम रस्त्यावर.

"काका, मोटर घरी विसरलात का?"

"बोलू नको, हात लाव."

हार्डवेअरवाल्यानं हात लावला आणि बोललाही. काचवाला परत येईपर्यंत बायकोला सगळं कळलेलं होतं.

"मोटर बिघडली म्हणून उतरलो," काचवाला म्हणाला. "ते धरायचं नाही."

"छातीला कळतं का, मोटर बिघडलीय म्हणून उतरलात ते?"

तो रॅकचे पट्टे गुंडाळायला लागला. बुधवारपर्यंतची मुदत मात्र तिनं काढून घेतली नाही.

लेक कामावरून परस्पर आली. सायकलचं पुढचं चाक उचलून धरून तिनं पेडल फिरवलं, मोटर चालली. तिनं स्वतः रस्त्यावर एक फेरी मारली, चालली. काचवाल्यानं रिकामी चालवून बघितली, तरीही चालली.

"वजन," लेक म्हणाली. "लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की ती जागची हलत नाही, तसंच. मी करंट वाढवून देते." तिनं पडद्यावरची बटणं दाबत काही आकडे बदलले. मग हार्डवेअरवाल्याकडून भिंतीला लावायच्या लांबीची पोती मागून आणली, काचेइतकंच वजन होईल एवढी, आणि रॅकच्या दोन्ही अंगांना बांधली. काचवाला बसला. सायकल तक्रार न करता चढ चढून गेली. हार्डवेअरवाला पोत्यांच्या काळजीनं मागोमाग चालत गेला आणि धापा टाकत परतला.

"झालं," लेक म्हणाली. "वजनाचाच प्रश्न होता."

पोती उतरवली, काचा चढवल्या. काचवाला बसला. मोटर बंद.

तिघंही सायकलकडे बघत उभी राहिली. पोती आणि काचा यांचं वजन सारखं होतं. हार्डवेअरवाल्यानं काट्यावर घालून बघितलं होतं. तरी पोती असली की मोटर चालू आणि काच असली की बंद.

"मोटरला काचेची धास्ती वाटत असेल," हार्डवेअरवाला म्हणाला. "नवीन आहे बिचारी."

"बाबा, ब्रेक दाबला होतात का?" लेकीनं विचारलं.

"काच घेऊन निघताना ब्रेक दाबून निघेन का मी? दूधखुळा वाटलो?"

तो खोटं बोलत नव्हता. लेकीलाही ते पटलं. मग तिनं वायरींवर संशय घेतला. काचेचा भार रॅकवर वेगळ्या जागी येत असेल, लाकूड वाकत असेल, खालून गेलेली वायर चेपत असेल. तिनं सगळ्या वायरी सोडवून चौकटीच्या वरच्या बाजूनं नेल्या, जोड पुन्हा केले, चिकटपट्टी गुंडाळली. पुन्हा पोती, पुन्हा काचा. पोत्यांना हो, काचांना नाही.

"तुमची लेक नीट बसवून गेली ना?" शेजारणीनं बायकोला विचारलं.

"लेकीनं नीटच बसवलीय. बसणाऱ्याचं काही तरी बिनसलंय," बायको म्हणाली. ते तिनं नुसतं शेजारणीचं तोंड बंद करायला म्हटलं होतं.

बुधवार उजाडला. प्रसूतिगृहाच्या खिडक्यांच्या काचा आदल्या दिवशीच कापून, कडा घासून तयार होत्या. दोन खेपांचा माल होता. टेम्पो दुपारी येणार होता. बायकोनं फोन केलेला होता आणि तसं सांगितलंही होतं. काचवाल्यानं त्यावर वाद घातला नाही, कारण वाद न घालण्याचं कबूल केलं होतं. पण सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर आवरून बसला, दाढी केली, धुतलेला सदरा घातला. कामावर जाण्याआधी लेक आली तेव्हा पहिल्या खेपेच्या काचा रॅकवर चढलेल्या होत्या.

"शेवटचं बघू," तो म्हणाला. "नाहीच झालं, तर साडूंना काचा कशा धरायच्या ते शिकवतो. तेवढं तरी करू दे मला."

लेकीनं पडदा सुरू केला. काचवाला बसला, पेडल मारलं. मोटर बंद. ह्या वेळी लेक वायरींकडे वाकली नाही. ती दोन पावलं मागे सरकली आणि बापाकडे बघत राहिली.

तिला एका इमारतीतली लिफ्ट आठवली होती. तक्रार यायची की लिफ्ट मजल्यावर अडून बसते. मेकॅनिक गेला की लिफ्ट सुरळीत. पुन्हा तक्रार, पुन्हा सुरळीत. शेवटी ती स्वतः लिफ्टमध्ये उभी राहिली, तेव्हा कळलं. एक आजोबा आत आले की आधारासाठी भिंतीला टेकायचे आणि त्यांचा कोपर दार उघडं ठेवायच्या बटणावर जायचा. लिफ्टला कोणताही आजार नव्हता. ती सांगितलेलं ऐकत होती.

"बाबा, आहात तसेच राहा. हलू नका. उजवा हात बघा तुमचा."

काचवाल्यानं हाताकडे बघितलं. अंगठा आणि शेवटची दोन बोटं मुठीवर. मधली दोन बोटं ब्रेकच्या दांडीवर.

"मग? ब्रेक दाबलेला नाहीये. चाक मोकळं आहे, बघ."

"दाबलेला नाही. पण बोटं ठेवलीत."

"बोटं ठेवतातच की."

"उचला."

त्यानं बोटं उचलली. दांडी तांदळाच्या दाण्याएवढी पुढे सरकली आणि आत बारीक टक असा आवाज आला. लेकीनं ती पुन्हा बोटानं तेवढीच मागे घेतली. टक.

"एवढ्यात मोटर बंद होते. ब्रेक लागायच्या कितीतरी आधी."

काचवाल्यानं दांडी स्वतः मागेपुढे करून बघितली. तो ज्या कारागिराच्या हाताखाली शिकला होता, त्यानं पहिली गोष्ट हीच शिकवली होती. मागे काच असेल तर ब्रेक लावायची वेळ आल्यावर ब्रेक शोधायचा नाही. दांडीतला ढिलेपणा आधीच बोटांनी काढून ठेवायचा, म्हणजे धक्का बसत नाही. पुढे ते शिकणंही संपलं आणि शिकवणाराही गेला, आणि बोटं आपापली जाऊन बसू लागली. रिकाम्या सायकलीवर ती बसत नव्हती. पोत्यांसाठीही नाही. मागे काय आहे ते बोटांना माहीत असायचं, आणि त्याला स्वतःला त्यांची खबरही नसायची.

"इतके दिवस तू वायरी उसवत बसलीस," तो म्हणाला.

"आणि तुम्ही म्हणालात ब्रेक दाबला नाही."

"नव्हताच दाबला!"

"बरं, नव्हता." ती हसली. त्यालाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मग ती ब्रेकची वायर काढून टाक," तो म्हणाला. "सोपं काम."

"नाही."

"का नाही?"

"लिफ्टच्या दाराचं स्विच असं कोणी काढून ठेवलं, तर आम्ही त्याला घरी पाठवतो. उद्या उतारावर तुमचा पाय पेडलवर राहिला आणि तुम्ही ब्रेक धरलात, तर मोटर पुढे ओढेल आणि ब्रेक मागे. काचेचं काय होईल, तुम्हीच सांगा."

काचेचं नाव काढल्यावर त्यानं वळून रॅककडे बघितलं. "म्हणजे बोटं उचलायची," तो म्हणाला. "त्या चढावर. मागे काच असताना."

"हो."

बायको दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "नसेल होत तर राहू द्या," ती म्हणाली. ह्या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि काचवाल्याला तेच जास्त लागलं.

तो निघाला. बोटं मुठीवर घट्ट वळवून धरली. मोटर लागली, काचा रबरावर किंचित हलल्या आणि स्थिर झाल्या. लेक बाजूनं चालत होती. हार्डवेअरवाला दुकानाच्या पायरीवर आला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

वळण संपल्यावर रस्ता उखडलेला होता. पुढचं चाक खड्ड्याच्या कडेवर गेलं, मागे काचा किणकिणल्या आणि काचवाल्याला कळायच्या आत दोन बोटं दांडीवर जाऊन बसली. मोटर गेली. सायकल थबकली. त्यानं दोन्ही ब्रेक आवळले.

आता सगळं वजन मागे ओढत होतं. तो सीटवर बसलेला, दोन्ही मुठी पांढऱ्या पडलेल्या. खाली उतरून खांदा लावला असता तर काम लगेच झालं असतं; खांद्याला जागा माहीत होती. बायको मागोमाग वळणापर्यंत येऊन उभी आहे, हे त्याला वळून न बघताही कळत होतं.

"उतरू नका," लेक म्हणाली.

"उतरत नाहीये. पण ब्रेक सोडला आणि मोटर लागायच्या आत गाडी मागे आली, तर?"

"येईल. वीतभर."

"तेवढ्यात काच जाते."

"मी मागून धरते."

रॅकवर काच असताना त्यानं आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता. हाताखालच्या माणसांना नाही, बायकोला नाही, लेकीला तर लहानपणी त्या बाजूला फिरकूही देत नसे.

"काचेला हात लावायचा नाही. लाकडाला धर. खालच्या फळीला. आणि ढकलायचं नाही, नुसतं अडवायचं."

"बाबा, मी लिफ्ट धरते रोज."

"लिफ्ट फुटत नाही."

ती मागे गेली, पाय रोवून उभी राहिली, दोन्ही तळवे फळीवर टेकवले. "धरलंय. सोडा."

काचवाल्यानं अंगठा बटणावर ठेवला. डावा ब्रेक सोडला. मग उजव्या हाताचं एक बोट उचललं, मग दुसरं. सायकल मागे येते असं वाटलं, पण तिला मागे जागाच मिळाली नाही. मोटरनं चाक पकडलं. लेकीचे हात फळीवरून सुटले आणि ती मागे राहिली. काचवाला एकही पाय न टेकवता माथ्यावर पोहोचला.

प्रसूतिगृहाच्या दारात सिस्टर वाट बघत होत्या. "टेम्पोनं येणार होत्या ना काचा?"

"बेत बदलला," काचवाला म्हणाला आणि पट्टे सोडायला लागला. खालच्या मजल्याच्या खिडक्या त्यानं तिथेच बसवल्या. लेकीनं मोटरला हात लावून ती किती तापलीय ते बघितलं, समाधानानं हात पुसला आणि कामावर जायला निघाली. तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"पोहोचलात?"

"पोहोचलो."

"मध्येच थांबला होतात. मी बघत होते."

"थांबलो. उतरलो नाही."



"दुसरी खेप?"

"मीच नेतो."

"पोरगी थांबणार आहे का?"

"नाही. ती निघाली."

"मग मागून धरणार कोण?"

"मध्ये थांबलोच नाही, तर धरायची वेळ येणार नाही."

तिनं हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "भावोजींना सांगते टेम्पो नको म्हणून. पण वर पोहोचलात की पहिला फोन मला. सिस्टरशी गप्पा नंतर."

दुसऱ्या खेपेला तो एकटा होता. उखडलेल्या जागी काचा पुन्हा किणकिणल्या. बोटं मुठीवरून सुटायला लागली, तशी त्यानं ती पुन्हा वळवून घट्ट धरली आणि मोठ्यानं म्हणाला, "जागेवर राहा." समोरून बाळाला कडेवर घेऊन उतरणारी बाई दचकून बाजूला झाली. तिची माफी मागायला वेळ नव्हता.

माथ्यावर पोहोचून त्यानं सायकल सावलीत लावली, बायकोला फोन केला आणि मग बराच वेळ सीटवरच बसून राहिला. उजव्या हाताची ती दोन बोटं ठणकत होती. एवढ्या वर्षांत ब्रेक धरून ती कधी दुखली नव्हती. त्यानं ती उघडून मिटून बघितली, दुसऱ्या हातानं चोळली आणि मग काचा उतरवायला उठला.